डब्यावरचा शिंपला

आमच्या गावच्या जुन्या घरात माळ्यावर पत्र्याचा एक चौकोनी डबा होता. त्याचे तोंड कापून काढलेले होते आणि वरच्या बाजूला आडवी काठी ठोकून बसवली होती. कधीकाळी तो पाणी भरायला वापरत असत. पुढे आजीने त्यात वर्षाची चिंच भरायला सुरुवात केली. पत्रा काळवंडला होता, तरी एका अंगावरून बोट फिरवले की ठसा हाताला लागे. पंख्यासारख्या पसरलेल्या रेघांचा तो शिंपला होता. आमचे गाव घाटावरचे. आजोबांनी आयुष्यात समुद्र दोनदा पाहिला असेल. तालुक्याची रॉकेलची एजन्सी त्यांच्याकडे होती. "रॉकेलच्या डब्यावर शिंपला कशाला?" असे मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी वहीतून मान वर न काढता "कंपनीची खूण" एवढेच उत्तर दिले होते.

त्या उत्तराने माझे समाधान झाले नाही. मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसणारा माणूस. पण आपल्या घरात तीन पिढ्या ज्या मालावर चूल पेटली, त्या मालाची पाळेमुळे कुठवर जातात हे पाहावे, अशी ओढ लागली आणि शोध घेता घेता मी लंडनमधल्या एका शिंपल्यांच्या दुकानापर्यंत जाऊन पोचलो. पुस्तकांतूनच, अर्थात.

तेलाचा इतिहास म्हटला की विहिरी खणणारे, राजांकडून सवलती मिळवणारे, रॉकफेलरसारखे कुबेर आपल्या डोळ्यांसमोर येतात. तेल पोचवणाऱ्यांविषयी फारसे कोणी लिहीत नाही. पुढे ज्याचा जगड्व्याळ पसारा झाला, तो हा शिंपल्याचा धंदा मात्र मुळात पोचवणाऱ्यांचा होता. ज्या कुटुंबाने तो उभारला, त्याच्या मालकीची सुरुवातीला तेलाची एक विहीरही नव्हती.

आधी आपल्याकडच्या दोन शब्दांकडे पाहू. 'रॉकेल' म्हणजे 'रॉक ऑइल', खडकातले तेल. 'घासलेट' हे 'गॅसलाइट'चे आपण केलेले रूप. दोन्ही शब्द इतके मराठी झाले की 'अमक्याने चर्चेत रॉकेल ओतले' असे आपण बिनदिक्कत म्हणतो आणि हलक्या दर्जाच्या मालाला 'घासलेटी' हे विशेषण लावतो. या मालापूर्वी आपल्याकडे करडई, तीळ, एरंडेल, कोकणात उंडीचे कडू तेल जळत असे. अमेरिकन रॉकेल आले, चिमण्या आणि कंदील आले, आणि खेड्यातली रात्र तासा-दोन तासांनी लांबली. देवघरात मात्र त्याला प्रवेश मिळाला नाही. समईत आणि दिवाळीच्या पणतीत गोडे तेलच राहिले. स्वयंपाकघरात, गोठ्यात, अभ्यासाच्या पाटीपुढे रॉकेल, देवापुढे नाही. ही वाटणी कोणी ठरवून दिली नव्हती, पण घरोघर पाळली जाई.

हे तेल यायचे पत्र्याच्या डब्यांत. पाच अमेरिकन गॅलनचा, म्हणजे सुमारे १९ लिटरचा एक डबा. असे दोन डबे एका देवदारी खोक्यात. न्यूयॉर्कहून हजारो खोकी जहाजाच्या पोटात रचून मुंबईला आणायची. रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचा पूर्वेकडचा सगळा व्यापार असा खोक्या-डब्यांवर चाले. म्हणजे तेलाबरोबर लाकूड आणि पत्रा यांचेही भाडे भरायचे, खोकी रचताना मधली जागा वाया घालवायची, आणि वाटेत डबे गळले तर तो तोटा वेगळाच.

आता लंडनकडे वळू. शहराच्या पूर्व भागात, हाउंड्सडिच या ज्यू व्यापाऱ्यांच्या वस्तीजवळ, मार्कस सॅम्युअल नावाच्या गृहस्थाचे दुकान होते. पूर्वेकडून येणाऱ्या खलाशांकडून तो चित्रविचित्र वस्तू विकत घेई. त्यात शिंपले फार. समुद्रकिनाऱ्याची सहल करून आलेल्या मंडळींना आठवण म्हणून नेता याव्यात अशा, शिंपले चिकटवलेल्या छोट्या पेट्या तो करवून घेई आणि त्यांना गिऱ्हाईकही चांगले होते. आपल्याकडे कोकणातून येताना शंख-शिंपल्यांची गणपतीची मूर्ती आणतात, तसाच तो प्रकार. १८७० साली तो वारला. मुलांसाठी त्याने गडगंज संपत्ती ठेवली नाही. पण पूर्वेकडच्या बंदरांतल्या ब्रिटिश पेढ्यांशी जोडलेली ओळख आणि पत ठेवली. पुढची सारी कथा या पतीच्या जोरावर उभी आहे.

त्याच्या मुलांपैकी धंद्यात नाव काढले ते दोघांनी. एक, बापाचेच नाव असलेला मार्कस, जन्म १८५३. दुसरा त्याच्याहून दोन वर्षांनी धाकटा, त्याचे नाव सॅम्युअल सॅम्युअल. (आडनाव आणि नाव एकच ठेवण्याची ही हौस वाचून मला आमच्या आळीतल्या 'गणपत गणपुले' यांची आठवण झाली.) मार्कस लंडनमध्ये बसे; सॅम्युअल कित्येक वर्षे जपानात राहिला. तांदूळ, कोळसा, साखर, रेशीम, यंत्रे असे जे मिळेल ते ही भावंडे इकडून तिकडे नेत. चरित्रकार सांगतात, की लंडनच्या कचेरीत दोघे भाऊ खिडकीशी पाठमोरे उभे राहून हलक्या आवाजात बोलत, मग एकदम आवाज चढे, भांडण जुंपे, आणि काही वेळाने एकमत होऊन दोघे कामाला लागत. ज्यांनी भाऊबंदकीचे दुकान जवळून पाहिले आहे, त्यांना या दृश्यात नवे काही वाटणार नाही.

१८९० साली मार्कस काळ्या समुद्राकडे गेला. त्याच्याबरोबर फ्रेड लेन नावाचा जहाजांचा दलाल होता, आणि या लेनचे पॅरिसच्या रॉथशिल्ड सावकारांशी संबंध होते. कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकूला त्या वेळी तेलाचा महापूर आला होता. नोबेल बंधू आणि रॉथशिल्ड असे दोन मोठे मालक तिथे होते. रॉथशिल्डांच्या पैशाने बाकूपासून काळ्या समुद्रावरच्या बाटुम बंदरापर्यंत रेल्वे झाली होती. पण बाटुमला पोचलेले तेल खपवायचे कुठे, हा प्रश्न होता. युरोपात अमेरिकन माल होता. उरली ती पूर्व दिशा.

बाकूचा विषय निघालाच आहे तर एक आडवाट. बाकूजवळ सुराखानी येथे जमिनीतून आपोआप निघणाऱ्या वायूच्या ज्वाळेभोवती बांधलेले एक मंदिर आहे आणि त्याच्या भिंतींवर देवनागरीत कोरलेले शिलालेख आहेत, 'श्री गणेशाय नमः'ने सुरू होणारे. उत्तर हिंदुस्थानातले व्यापारी आणि साधू तिथे जात. ज्या भूमीतून पुढे आमच्या आजोबांच्या दुकानातल्या मालाची कुळकथा सुरू झाली, तिथे गणपती आधीच पोचला होता, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

बाटुमला मार्कसने टाकी-जहाज पाहिले. तेल डब्यांत न भरता सरळ जहाजाच्या पोटातल्या टाक्यांत ओतायचे. ही कल्पना त्याची नव्हे. नोबेल बंधूंनी १८७८ सालीच कॅस्पियन समुद्रात 'झोरोआस्टर' नावाचे असे जहाज आणले होते. मार्कसला सुचले ते वेगळेच होते. असे जहाज सुएझ कालव्यातून नेले तर? कालव्यातून डब्यांचे तेल जाई, पण टाक्यांत सुटे तेल भरलेल्या जहाजाला परवानगी नव्हती. जहाज रुतले, तेल सांडले, पेट घेतला, तर सगळा कालवाच बंद पडायचा. मागणाऱ्यांना नकार मिळाला होता.

मार्कसने उलटीकडून सुरुवात केली. कालवा कंपनीच्या लोकांना भीती कशाची वाटते ते समजून घेतले आणि त्या भीतीला उत्तर देणारे जहाज काढायला फोर्टेस्क्यू फ्लॅनरी या अभियंत्याला सांगितले. गरमीने तेल फुगते, त्यासाठी वेगळी जागा. अनेक छोट्या टाक्या, म्हणजे एक फुटली तरी बाकीच्या शाबूत. जहाज गाळात रुतलेच, तर तेल बाहेर न ओतता पाण्याचा भार कमी करून ते उचलता यावे अशी व्यवस्था. शिवाय एक खास व्यापारी घरातली सोय: तेल उतरवल्यावर वाफेने टाक्या अशा धुवायच्या, की परतीच्या वाटेवर त्यांत तांदूळ, साखर, चहादेखील भरता यावा. रिकामी गाडी परत आणणे कोणत्याही मालवाहू माणसाला जिवावर येते. आमचे आजोबा रॉकेल उतरवून परतणाऱ्या बैलगाडीत वाटेतल्या गावांतून कडबा भरून आणायला सांगत.

१८९१ साली रॉथशिल्डांशी करार झाला: सुएझच्या पूर्वेला त्यांचे तेल विकण्याचा हक्क सॅम्युअलांना, मुदत नऊ वर्षे. लगेच लंडनमध्ये ओरड सुरू झाली. वकिलांमार्फत परराष्ट्र खात्याला पत्रे गेली. टाकी-जहाजे कालव्याला घातक ठरतील, पत्र्याचे कारखाने बुडतील, असे सांगण्यात आले. पत्र्याच्या कारखानदारांची काळजी खरी होती, कारण डबे संपले तर पत्रा कोण घेणार? पण पत्रे लिहिणाऱ्या वकिलांनी आपल्या अशिलाचे नाव कधी सांगितले नाही, आणि ज्यूंच्या हाती व्यापार जातो आहे ही कुजबूजही त्यात मिसळली होती. १८९२च्या जानेवारीत कालव्याची परवानगी मिळाली.

वेस्ट हार्टलपूल येथे बांधलेले पहिले जहाज 'म्युरेक्स' त्याच वर्षी २२ जुलैला निघाले, बाटुमला भरले आणि ऑगस्टमध्ये सुएझ पार करून सिंगापूर आणि बँकॉकला गेले. त्यात ४,००० टन रॉकेल होते. मी कागदावर हिशेब मांडून पाहिला, तर डब्यांत भरले असते तर साधारण अडीच लाखांवर डबे झाले असते. म्युरेक्स हे काटेरी शंखाच्या एका जातीचे नाव. पाठोपाठ 'काँच' म्हणजे शंख, 'क्लॅम' म्हणजे शिंपला, पुढे 'कावरी' म्हणजे कवडी. इंग्रजीतला हा 'कावरी' शब्द आपल्याच कवडी-कौडीच्या कुळातला आहे. बापाच्या दुकानाची आठवण म्हणून मुलाने प्रत्येक जहाजाला शंखशिंपल्याचे नाव दिले. १९०२पर्यंत अशी वेळ आली, की सुएझमधून जाणाऱ्या तेलापैकी ९० टक्के तेल सॅम्युअल आणि त्यांच्या सोबत्यांचे होते.

नुसते जहाज असून भागत नव्हते. सुटे तेल उतरवायला प्रत्येक बंदरात टाक्या हव्यात, आणि त्या एकाच वेळी तयार हव्यात. कारण स्टँडर्ड ऑइलची लढण्याची रीत ठरलेली होती: जिथे प्रतिस्पर्धी उभा राहील तिथे भाव पाडायचा, तोटा दुसऱ्या बाजारातून भरून काढायचा, आणि तो मेला की भाव पुन्हा चढवायचा. मार्कसचे गणित असे, की सगळ्याच बाजारांत एकदम स्वस्त माल उतरवला तर स्टँडर्ड तोटा भरून काढणार कुठून? म्हणून सारे गुपचूप करायचे होते. मोठा पगारदार अधिकारी पाठवला असता तर बोभाटा झाला असता. भावांनी आपले भाचे पाठवले. या पोरांना टाक्या बांधण्याची काडीइतकी माहिती नव्हती. ती त्यांनी बंदरोबंदरी हिंडत शिकून घेतली, आणि वर मामांची खर्चावरून खरडपट्टी काढणारी पत्रे वाचली. हिंदुस्थानपासून जपानपर्यंतच्या जुन्या ओळखीच्या पेढ्यांना भागीदार करून घेतले आणि १८९३ साली त्यांचे एक मंडळ बांधले. तोटा झाला तर सगळ्यांचा, नफा झाला तर सगळ्यांचा. करारापेक्षा शब्दावर चालणारी ही जुनी रीत होती. स्टँडर्डसारख्या शिस्तीच्या कंपनीला ती जमली नसती, असे माझे मत आहे.

एवढे सगळे जुळून आले आणि मग जी गोष्ट घडली, ती मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

टाक्या भरल्या. तेल स्वस्त. पण गिऱ्हाईक येईना. मार्कसची कल्पना अशी, की लोक आपापली भांडी घेऊन येतील आणि सुटे तेल घेऊन जातील. लोक तसे आले नाहीत. त्यांना डबा हवा होता. डबा काढून टाकला म्हणूनच तेल स्वस्त झाले होते, आणि त्या डब्यासाठीच तर लोक तेल घेत होते!

लंडनच्या कचेरीत बसून हे कळणे कठीण; आपल्याला सांगावे लागत नाही. स्टँडर्डचे निळे डबे आशियाभर घरांची छपरे झाले होते, पक्ष्यांचे पिंजरे झाले होते, शेगड्या झाले होते. आपल्याकडे तर काय नाही झाले? चाळीच्या गॅलरीत तुळस लावली ती रॉकेलच्या डब्यात. खांद्यावरच्या कावडीला दोन बाजूंना लोंबकळले ते रॉकेलचे डबे. पिठाची चाळण, न्हाणीघराचा आडोसा, कोंबड्यांच्या खुराड्याचे दार, गूळ साठवण्याचे भांडे आणि अर्ध्या कापलेल्या डब्याची शेगडी: हे सगळे पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. पत्र्याचे काम करणारे कारागीर जुन्या डब्यातूनच चिमणी तयार करीत, म्हणजे ज्यातून तेल आले त्याच पत्र्यात ते जळे. खोक्याचे देवदारी लाकूडही वाया जात नसे. माझ्या वडिलांचे अभ्यासाचे डेस्क अशाच फळ्यांचे होते.

मार्कसने चूक मान्य करण्यात वेळ घालवला नाही, हे त्याचे मोठेपण. जहाज भरून पत्रा पूर्वेला पाठवला आणि डबे तिथेच, टाकीशेजारी, करायला भागीदारांना सांगितले. डबे कसे करतात हे त्यांना तरी कुठे ठाऊक होते! पण तेही झाले. डब्यांना रंग लाल ठरला. आता चमत्कार पाहा: स्टँडर्डचा निळा डबा अर्धी पृथ्वी ओलांडून, पोचे पडून, गंजून येई, सॅम्युअलांचा लाल डबा कालच केलेला, नवा कोरा, चकचकीत. गिऱ्हाइकाने काय उचलावे? पुढे पुढे स्टँडर्डलाही सुटे तेल आणून इकडेच डबे भरावे लागले.

शिंपला ही खूण नक्की कशी ठरली, याची एक कथा आपल्या देशाशी जोडलेली आहे. 'शेल' हे नाव मालावर १८९१पासून होते आणि 'शेल ट्रान्सपोर्ट अँड ट्रेडिंग' ही कंपनी १८९७ साली स्थापन झाली. नावातले शब्द पाहा: वाहतूक आणि व्यापार, तेलाचा उल्लेखच नाही. पण खुणेसाठी पंख्यासारखा पसरलेला तो विशिष्ट शिंपला १९०४च्या सुमारास आला. हिंदुस्थानात सॅम्युअलांचे रॉकेल आणून 'ग्रॅहमचे तेल' या नावाने विकणारे ग्रॅहम नावाचे एक गृहस्थ पुढे कंपनीचे संचालक झाले. त्यांच्या घराण्याच्या मानचिन्हावर हा शिंपला होता आणि तिथून तो उचलला गेला, असे सांगितले जाते. पुरावा पक्का नाही, पण शक्यता मला गोड वाटते. तसे असेल तर आमच्या माळ्यावरच्या ठशाचे मूळ लंडनच्या दुकानात जितके, तितकेच हिंदुस्थानातल्या एका वितरकाच्या घराण्यात.

इथपर्यंतचा भाग वाचताना मी या कुटुंबाच्या बाजूने होतो. पुढचा भाग वाचताना मन खट्टू होते, कारण चूक कुठे होते आहे ते वाचणाऱ्याला दिसत असते.

विहीर दुसऱ्याची होती. रॉथशिल्डांचा करार १९०० साली संपायचा होता. म्हणून सॅम्युअलांनी बोर्निओत तेल शोधले. तिथेही भाचाच गेला. तेल लागले, पण जड, रॉकेल फार कमी निघणारे. मार्कसने ओळखले, की हे तेल जहाजांच्या बॉयलरमध्ये कोळशाऐवजी जाळता येईल. या बाबतीत तो काळाच्या पुढे होता. पण जून १९०२मध्ये ब्रिटिश आरमाराने 'हॅनिबल' या युद्धनौकेवर त्याची चाचणी घेतली, तेव्हा काळ्या धुराचा लोट उठून सगळे जहाज झाकून गेले आणि विषय दहा वर्षे मागे पडला. त्याआधी १९०१ साली अमेरिकेत टेक्ससला तेलाचा कारंजा उसळला, तेव्हा मार्कसने तिथल्या मालकाशी वीस वर्षांचा करार केला, पिंपाला २५ सेंट या भावाने. वर्षभरात कारंजा आटला. माल नाही, आणि त्यासाठी घेतलेली जहाजे मोकळी उभी.

स्टँडर्डने ४ कोटी डॉलर देऊ केले होते. मार्कसने नकार दिला. घरचा धंदा, बापाच्या दुकानाची खूण; तो परक्याच्या स्वाधीन करायचा नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही नकारच दिला असता, आणि कदाचित तीच चूक केली असती.

चूक नकाराची नव्हती. नकारानंतर काय करायचे याची होती. एवढा पसारा अजूनही भावाभावांच्या बोलण्यावर, लंडनमधल्या मोजक्या माणसांवर चालला होता. त्याच वेळी रॉयल डच या हॉलंडच्या कंपनीत हेन्री डेटरडिंग नावाचा तरुण जमाखर्चात मुरलेला माणूस पुढे आला होता. त्याच्याकडे विहिरीही होत्या आणि दिवसाचे चोवीस तास तेलाशिवाय दुसरा विषय नव्हता. मार्कसला मात्र दुसरी एक ओढ होती. १९०२च्या नोव्हेंबरात तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला. मिरवणूक त्याने मुद्दाम आपल्या जन्माच्या ज्यू वस्तीतून नेली. शिंपलेवाल्याचा मुलगा सोन्याच्या बग्गीतून त्या रस्त्याने जातो आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणले की त्याला दोष देणे मला कठीण जाते. पण त्याच महिन्यांत विक्रीच्या संयुक्त व्यवस्थेची बोलणी चालू होती, आणि त्यातून जी 'एशियाटिक पेट्रोलियम' निघाली तिची सूत्रे डेटरडिंगकडे गेली. फ्रेड लेन, ज्याने मार्कसला बाकूची वाट दाखवली होती, तो संचालकपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडला आणि इतर व्यापांत गुंतलेल्या माणसाला असा धंदा हाकता येत नाही, हे त्याने मार्कसला पत्रातून स्पष्ट सांगितले.

१९०७ साली दोन कंपन्या एक झाल्या. रॉयल डचकडे ६० टक्के, शेलकडे ४०. नाव राहिले, शिंपला राहिला, निर्णय गेले. मार्कस अध्यक्ष म्हणून पुढेही बसला, पहिल्या महायुद्धात त्याच्या कंपनीने ब्रिटनला मोलाची मदत केली, १९२५ साली व्हायकाउंट बेअरस्टेड हा किताब मिळाला. जानेवारी १९२७मध्ये त्याची पत्नी वारली आणि एका दिवसाच्या आत तोही गेला. 'म्युरेक्स' त्याच्या आधीच, १९१६ साली भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीने बुडवले होते. 'एम. सॅम्युअल' ही मूळ पेढी सावकारीत स्थिरावली आणि १९६५ साली दुसऱ्या एका पेढीत मिसळून 'हिल सॅम्युअल' झाली. तेलाशी तिचा संबंध कधीच सुटला होता.

मार्कस गेला त्याच वर्षी हिंदुस्थानात रॉकेलचे भावयुद्ध पेटले. स्टँडर्डच्या कुळातली न्यूयॉर्कची कंपनी सोव्हिएत सरकारकडून रशियन रॉकेल घेऊन इथे विकू लागली म्हणून डेटरडिंग खवळला आणि त्याने भाव पाडले. ज्या रशियन तेलाने सॅम्युअलांनी पूर्वेचा बाजार जिंकला, तेच आता विरुद्ध बाजूने उलटले होते. दुसऱ्याच वर्षी, १९२८मध्ये, एशियाटिकचा इथला कारभार आणि ब्रह्मदेशातले तेल काढणारी बर्मा ऑइल कंपनी एकत्र येऊन 'बर्मा-शेल' झाली. चार गॅलनचे आणि एक गॅलनचे डबे रेल्वेने, बैलगाडीने, कोकणात गलबतांनी गावोगाव जाऊ लागले. मुंबईला शिवडी-वडाळ्याकडे तेलाच्या टाक्या उभ्या होत्याच. १९५५ साली माहुलला बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, आणि त्याच सुमारास मुंबईच्या काही घरांत 'बर्शेन' नावाचा गॅस आला. २४ जानेवारी १९७६ रोजी सरकारने कंपनी ताब्यात घेतली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तिचे नाव भारत पेट्रोलियम झाले. शिंपला पंपांवरून उतरला. पुण्यात विमानतळाजवळच्या एका वस्तीचे नाव मात्र अजून बर्माशेल आहे.

आमच्याकडची एजन्सी या साखळीचे अगदी शेवटचे टोक. आजोबांच्या वेळी डबे येत. वडिलांच्या वेळी पिंपे आली, मग रेशनचे निळे रॉकेल, कार्डावरच्या खुणा, पहाटेपासूनच्या रांगा. पिंपाला तोटी लावलेली एक हातगाडी होती. नरसाळे आणि पत्र्याची मापे घेऊन ती आळीआळीने फिरे. गाडी ढकलणाऱ्या काकांना कुणाच्या घरी किती माणसे, कुणाचा स्टोव्ह वातीचा आणि कुणाचा पंपाचा, कोण महिनाअखेरीला पैसे देईल आणि कोण देणारच नाही, हे तोंडपाठ असे. वडिलांनी त्या न देणाऱ्यांची नावे कधी वहीतून काढली नाहीत आणि वसूलही केली नाहीत. गॅस घरोघर पोचला, कोटा कमी कमी होत गेला, आणि परवाना परत करण्याच्या कागदावर सही करण्याचे काम माझ्या वाट्याला आले. कचेरीतल्या माणसाने शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावले.

घर आवरताना आजोबांच्या वह्या सापडल्या. मोडी वळणाच्या अक्षरातल्या रोजच्या नोंदी. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे दोन रकाने आहेत: 'तेल' आणि 'डबा'. डबा परत आला की तेवढी रक्कम वजा केलेली. मी बरीच पाने चाळली. तेलाची बाकी बहुतेक ठिकाणी फिटलेली दिसते. डब्याच्या रकान्यात मात्र पानामागून पान तीच नोंद आहे: 'डबा परत नाही'.